हैतियन खाणावळीतली हंगामी भेंडी: कधी जावं, काय मागवावं, कशी खावी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, नॉस्ट्रँड अव्हेन्यू आणि चर्च अव्हेन्यूच्या आसपास, हैतियन (कॅरिबियन बेटांतल्या हैती देशाच्या) लोकांच्या छोट्या खाणावळी आहेत. तिथे भेंडी खायला जाणारी मराठी मंडळी बहुतेक त्याच त्या चुका करतात. संध्याकाळी सातला जातात, नाव ऐकून दिसेल ते मागवतात आणि ताट समोर आलं की ‘शी, तार सुटलीय’ म्हणत रस्सा बाजूला सारून मांसाचे तुकडे तेवढे वेचतात. भेंडी तिथेच राहते.

ही भेंडी परतून कोरडी केलेली नसते. तार ठेवूनच ती शिजवतात. वेळ, भात, लिंबू, घास कसा घ्यायचा हे सगळं त्या तारेशी जोडलेलं आहे. पुढचे टप्पे ब्रुकलिन डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत, पण मायामीच्या लिटल हेटीत, बॉस्टनच्या मॅटपॅनमध्ये किंवा माँट्रियालच्या सें-मिशेलमध्येही क्रम हाच लागू पडतो.

## १. महिना बघून ठरवा

न्यूयॉर्क-न्यू जर्सी पट्ट्यात शेतातली ताजी भेंडी साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मिळते. भेंडीला ऊन आणि उबदार माती लागते, थंडी पडली की झाड बसतं. फ्लोरिडात हंगाम बराच लांबतो. बाकीच्या महिन्यांत खाणावळी बाहेरून आलेली किंवा गोठवलेली भेंडी वापरतात. ती वाईट असते असं नाही, पण ताटात फरक कळतो.

हंगाम एवढा का महत्त्वाचा? फूल गळल्यावर चार ते सहा दिवसांत शेंग तोडावी लागते. त्यानंतर ती निबर होते, आत दोरे धरतात आणि ते कितीही शिजवले तरी जात नाहीत. शिवाय भेंडीला फ्रिजची कडक थंडी मानवत नाही. सात अंशांच्या खाली ठेवली की डाग पडतात, ती काळवंडते. म्हणून लांबून आलेली भेंडी दिसायला ठीक असली तरी बऱ्याचदा दमलेली असते. ऑगस्ट हा सगळ्यात खात्रीचा महिना.

तपासा: खाणावळीच्या शेजारीच कॅरिबियन भाजीवाला असतो. तिथल्या टोपलीतली भेंडी बोटभर लांबीची, लुसलुशीत आणि टोक वाकवताच कट्‌ मोडणारी असेल, तर शेजारच्या पातेल्यातही त्याच प्रतीची असण्याची शक्यता चांगली. टोक नुसतं वाकत असेल तर आठवडाभर थांबा.

## २. नावं नीट ओळखा

इथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट.

हैतीत भेंडीला आणि तिच्या कालवणालाही कालालू म्हणतात. काही फळ्यांवर ‘गोंबो’ किंवा नुसतं ‘ओक्रा’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. मात्र त्याच रस्त्यावर जमैकन खाणावळीही आहेत, आणि जमैकन लोकांचं ‘कॅलालू’ म्हणजे माठासारखी पालेभाजी. त्रिनिदादचं कॅलालू आणखी निराळं, ते अळूच्या पानांचं, त्यात भेंडी असते पण मुख्य अळूच. तेव्हा आधी खाणावळ हैतियन आहे ना, ते बघा.

दुसरा शब्द लेगिम. अर्थ ‘भाजी’, म्हणून शाकाहारी लोक बेधडक मागवतात. लेगिम म्हणजे वांगी, कोबी, गाजर, चायोट अशा भाज्या एकत्र शिजवून घोटलेलं दाट कालवण, आणि त्यात बहुतेक वेळा बीफ किंवा खेकडा, कधी दोन्ही. भेंडी त्यात असेलच असं नाही.

कालालूचंही तसंच. मांस आधी लिंबाने किंवा आंबट संत्र्याने धुतात, एपिस लावून मुरवतात (एपिस म्हणजे पार्सली, थाइम, पातीचा कांदा, लसूण, मिरची यांचं हिरवं वाटण), टोमॅटो पेस्टबरोबर मऊ शिजवतात आणि शेवटी भेंडी घालतात. मांस बीफ, खेकडा, खारवलेलं डुकराचं मांस यांपैकी काहीही असतं, एकाच पातेल्यात दोन प्रकारही असतात.

सावध: ‘खेकड्याचं कालालू’ म्हटलं म्हणजे त्यात बीफ नाही, असं समजू नका. बीफ किंवा डुक्कर चालत नसेल तर प्रत्येकाचं नाव घेऊन वेगळं विचारा. त्यांच्या क्रेओल भाषेत बीफला बेफ, डुकराला कोशों, खेकड्याला क्राब. ‘गें बेफ लादांल?’ म्हणजे ‘यात बीफ आहे का?’ इंग्रजीत विचारलं तरी चालतं, पण पदार्थांची नावं त्यांच्या भाषेत घेतली तर उत्तर नेमकं मिळतं. कवचाच्या मासळीची ॲलर्जी असलेल्यांनी कालालू आणि लेगिम दोन्हींबद्दल आधी विचारावं. एकच डाव सगळ्या पातेल्यांतून फिरतो.

शाकाहारी माणसाला काउंटरवरच्या पातेल्यातलं कालालू जवळजवळ कधीच चालणार नाही. मांस पहिल्यापासून रश्श्यात असतं, वरून काढून भागत नाही. आदल्या दिवशी फोन करून ‘सां व्यान’, म्हणजे मांसाशिवाय, करून द्याल का असं विचारता येतं. लहान खाणावळीत चार-पाच ताटांची मागणी असेल तर होकार मिळण्याची शक्यता जास्त. विचारताना खारवलेलं मांस, खेकडा आणि चिकनच्या चवीच्या मॅगी वड्या (रश्श्यात चवीसाठी विरघळवतात त्या) या तिन्ही गोष्टी नको म्हणून वेगवेगळ्या सांगा. ‘मांस नको’ एवढ्यावर वडी तशीच राहते, कारण तिला तिथे कुणी मांस धरत नाही.

## ३. सकाळी फोन, दुपारी हजर

या खाणावळींचा रोजचा फळा बदलता असतो. छापील यादीत कालालू असलं तरी ते त्या दिवशी असेलच असं नाही.

सकाळी दहाच्या सुमारास फोन करून तीन प्रश्न विचारा: आज कालालू आहे का (‘एस्के गें कालालू जोदिआ?’), त्यात कोणतं मांस आहे, आणि किती वाजता तयार होईल. ताजी भेंडी आहे की गोठवलेली, हेही विचारायला हरकत नाही. सरळ सांगतात.

पोचायचं बारा ते दीडच्या मध्ये. मांस शिजून भेंडी पडल्यावर पदार्थ वीस-पंचवीस मिनिटांत तयार होतो आणि मग तो गरम काउंटरवर जातो. न्यूयॉर्कच्या नियमानुसार गरम अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं लागतं, म्हणजे ते तिथे हळूहळू शिजतच राहतं. आमटीला किंवा मटणाला याने फारसं बिघडत नाही. भेंडीला बिघडतं: दोन-तीन तासांत हिरवा रंग जाऊन मातकट होतो, चकत्या फुटतात, बिया सुट्या होऊन रश्श्यात तरंगतात. संध्याकाळी सातला जाणाऱ्यांना हेच मिळतं, आणि ‘हैतियन भेंडी अशीच असते’ असा गैरसमज घेऊन ते परततात.

शनिवारी बहुतेक ठिकाणी बुयों (मांस आणि कंदांचं पातळ कालवण) आणि रविवारी सकाळी भोपळ्याचं सूप असतं, त्यासाठी रांगा लागतात. फक्त भेंडीसाठी जायचं तर मधला वार बरा.

मेट्रोने जाणार असाल तर २ किंवा ५ नंबरची गाडी धरा. चर्च अव्हेन्यू, बेव्हर्ली रोड आणि न्यूकर्क अव्हेन्यू–लिटल हेटी ही तिन्ही स्टेशनं नॉस्ट्रँड अव्हेन्यूवरच आहेत.

## ४. दारात आणि काउंटरवर

आत शिरल्यावर आधी नमस्कार. दुपारी बारापर्यंत ‘बोंझू’, त्यानंतर ‘बोंस्वा’. काउंटरमागच्या बाईंना ‘मादाम’, पुरुषाला ‘मेस्ये’. हा उपचार नाही. हैतियन माणसांत अभिवादन न करता थेट ‘अमुक द्या’ म्हणणं उद्धटपणाचं मानतात, आणि वाढणाऱ्या बाईंचा हात तिथूनच आखडतो. आपल्याकडे खानावळीच्या मावशींशी जसं बोलतो, तसं बोला.

खिडकीत आरोग्य खात्याची अक्षराची पाटी असते, ‘ए’ सर्वांत वरची. ती बघून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा, काही ठिकाणी लहान रकमेला कार्ड घेत नाहीत. फळ्यावरच्या दरात कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, म्हणजे १६ डॉलरचं ताट १७.४२ ला पडतं.

मागवण्याआधी पातेल्यात बघा. काचेतून एवढं दिसायला हवं:

- चकत्यांचे कंगोरे शाबूत आहेत. भेंडीची चकती पंचकोनी असते, तो कोन अजून ओळखता आला पाहिजे.
- रंग हिरवट आहे, पूर्ण तपकिरी नाही.
- डाव वर उचलला की रस्सा सलग धारेने, तार धरून खाली उतरतो. पाण्यासारखा टपटप पडत असेल तर पदार्थ पातळ केला आहे किंवा भेंडी कमी आहे.

यातली एक जरी खूण नसेल तर त्या दिवशी दुसरं काही खा. कालालू बिघडलेलं असताना मागवून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

## ५. ताट कसं जुळवायचं

ताट लहान आणि मोठं अशा दोन मापांत मिळतं. पहिल्यांदा लहानच घ्या, तेही एका माणसाला भरपूर होतं. सोबत भात, तळलेली केळी आणि थोडी कोशिंबीर बहुधा येते.

भाताचा प्रश्न मोठा. तीन प्रकार समोर असतात. दिरी ब्लां म्हणजे साधा पांढरा भात. दिरी कोले म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांबरोबर शिजवलेला. दिरी जोंजों म्हणजे हैतीतल्या वाळवलेल्या काळ्या अळिंबीच्या पाण्यात शिजवलेला काळा भात. काळा भात दिसायला देखणा असतो आणि नवखा माणूस तोच मागतो. कालालूबरोबर तो घेऊ नका. त्याला स्वतःची खोल, मातीसारखी चव आहे, तो आधीच तेलाने मोकळा केलेला असतो आणि रस्सा धरत नाही. दोन्ही चवी एकमेकींना खातात. कालालूला साधा पांढरा भातच हवा. त्याहून चांगली जोड म्हणजे मायी मूलें, मक्याच्या जाड पिठाचं उकडीसारखं शिजवलेलं. फळ्यावर दिसलं तर भाताऐवजी तेच मागा.

मागणी अशी: ‘यों प्ला कालालू आक दिरी ब्लां, सुप्ले. पिक्लिझ सु कोते.’ एक ताट कालालू, पांढऱ्या भाताबरोबर, कृपया. पिक्लिझ बाजूला.

शेवटचे शब्द विसरू नका. पिक्लिझ म्हणजे कोबी, गाजर आणि स्कॉच बॉनेट मिरची व्हिनेगरमध्ये मुरवलेलं तिखटजाळ लोणचं. न सांगता ते ताटावरच पडलं तर व्हिनेगर रश्श्यात उतरतं आणि तार पातळ होते. आपण भेंडीत आमसूल, चिंच किंवा ताक घालतो ते याच कारणाने: आंबटाने चिकटपणा मोडतो. घरी ते हवं असतं. इथे तोंडात घास जाईपर्यंत तार टिकायला हवी.

कालालू भातावर ओतून घ्यायचं नाही, वेगळ्या वाटीत मागा. भात रस्सा शोषून घेतो आणि दहा मिनिटांत सगळ्याचा लगदा होतो.

सावध: तळलेली केळी (बानान पेझे, दाबून दोनदा तळलेली) आणि ग्रियो (तळलेलं डुक्कर) अनेक ठिकाणी एकाच तेलात तळतात. चालत नसेल तर केळी नको म्हणा. त्याऐवजी उकडलेली केळी मिळू शकते.

## ६. खायचं कसं

बसल्यावर फोटो काढण्यात वेळ घालवू नका. ही तार गरम असताना सैल आणि मऊ असते. निवत गेली की घट्ट होऊन ओठांना चिकटते. ज्यांना भेंडीची बुळबुळ सोसत नाही, त्यांची तक्रार बहुतेक वेळा निवलेल्या भेंडीबद्दल असते.

पहिला घास नुसत्या रश्श्याचा घ्या, भाताशिवाय, चमच्याने. मीठ, तिखट आणि लिंबाचा अंदाज येतो. मग भाताच्या कडेला एक खळगा करून त्यात दोन चमचे कालालू घाला आणि तेवढंच कालवा. तेवढं संपलं की पुढचं. वरणभातासारखं सगळं ताट एकदम कालवायचं नाही, हे मराठी हाताला जड जातं, पण पाळा.

ढवळत बसू नका. चमच्याने जितकं घुसळाल तितकी तार वाढते. वाटीत चमचा उभा घालून खालून वर उचला, चमच्याची कड वाटीच्या काठाला टेकवून तार तोडा आणि मगच तोंडाकडे न्या. नाहीतर धार सदऱ्यावर येते.

पिक्लिझची एक काडी, एकच, दर तिसऱ्या-चौथ्या घासाला. तिखट खाणारे आहोत म्हणून चमचाभर उचलू नका. स्कॉच बॉनेट लवंगी मिरचीच्या वरताण आहे आणि तिचा जाळ जरा उशिरा, घशात लागतो. तोवर दुसरा चमचा गेलेला असतो.

सावध: कालालूच्या पातेल्यात अख्खी स्कॉच बॉनेट न फोडता सोडतात, वासासाठी. शिजून ती पिवळ्या-लाल छोट्या टोमॅटोसारखी दिसते. ती तुमच्या वाटीत आली तर देठाला धरून अलगद बाजूला काढा. चमच्याने दाबलीत तर ते ताट संपलं म्हणून समजा.

खेकडा असेल तर तो कवचासकट, तुकडे करून घातलेला असतो. कवचाच्या बारीक चिपा दाट रश्श्यात दिसत नाहीत, म्हणून खेकड्याचं कालालू कधीही घाईने भुरकू नका. नांग्या हातात घेऊन आधी बाहेरचा रस्सा चोखा, मग फोडा. कोकण-गोव्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आणि हाताने खाल्लं म्हणून तिथे कुणी वळून बघत नाही.

लिंबाची फोड शेवटच्या पाच-सहा घासांसाठी ठेवा. तोवर रस्सा निवून घट्ट झालेला असतो. थोडं लिंबू पिळलं की पुन्हा सैल होतो.

## ७. तोमतोम मिळालं तर

हैतीच्या नैर्ऋत्येकडच्या ग्रांदांस भागात, जेरेमी शहराच्या बाजूला, कालालू भाताशी नव्हे तर तोमतोमशी खातात. नीरफणस (कोकणात विलायती फणसही म्हणतात) उकडून लाकडी उखळात लवचीक गोळा होईपर्यंत कुटलेला, तो तोमतोम. रोज मिळत नाही. जिथे करतात तिथे ठरावीक दिवशी करतात, आणि बहुधा आधी सांगावं लागतं. चौकशी करताना ‘लाम व्हेरिताब’ म्हणा, ते नीरफणसाचं नाव.

इथली चूक एकच, पण जवळजवळ प्रत्येकजण करतो: तोमतोम चावतात. तो चावायचा नसतो. क्रम असा:

१. हात धुऊन उजव्या हाताने सुपारीएवढा गोळा तोडा. लिंबाएवढा नको, पहिल्या वेळी तो घशाखाली जात नाही.

२. अंगठ्याने मध्ये खळगा करा.

३. तो कालालूत पूर्ण बुडवा, सगळ्या बाजूंनी रस्सा लागू द्या. भेंडीचं काम इथे कळतं, त्या तारेमुळेच गोळा घशातून सरकतो. कोरडी बाजू राहिली तर अडकतो.

४. जिभेवर ठेवून थेट गिळा. कर्नाटकातली नाचणीची मुद्दे (उकडीचा गोळा) खाल्लेल्यांना सवय असेल.

चावला तर दातांना आणि टाळ्याला चिकटतो, बेचव लागतो, आणि माणूस वाटी सरकवतो. खेकडा किंवा मांसाचा तुकडा मात्र वेगळा काढून चावून खा, गोळ्याबरोबर गिळू नका. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना तोमतोम देऊ नका. त्यांच्यासाठी पांढरा भात.

## ८. घरी न्यायचं असेल

कालालू, भात आणि पिक्लिझ तीन वेगळ्या डब्यांत मागा. केळी कागदात, तोंड उघडं ठेवून. बंद डब्यात वाफ धरून ती वाताड होते.

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर बत्तीस अंशांच्या वर ऊन असेल, आणि भेंडीच्या हंगामात ते असतं, तर एका तासात. तीन-चार दिवस टिकतं, पण भेंडीची खरी चव दुसऱ्या दिवसापर्यंतच.

गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा. कडा उकळतात आणि मधला भाग थंड राहतो. अॅल्युमिनियमच्या डब्यात आणलं असेल तर तो डबा तर आत घालायचाच नाही. जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे पाणी घाला, मंद आचेवर झाकण ठेवा आणि न ढवळता भांडंच हलवत राहा. मधोमध चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत, म्हणजे चांगली वाफ येऊन मध्ये बुडबुडे फुटेपर्यंत, तापवा. एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये टाकू नका. जेवढं खायचं तेवढंच आधी वाटीत काढून घ्या.

केळी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. पिक्लिझ तापवायचं नाही. उरलं तर काचेच्या बरणीत, व्हिनेगरमध्ये बुडालेलं ठेवा. प्लॅस्टिकच्या डब्याला त्याचा वास आणि जाळ धरतो, आणि मग त्याच डब्यात मुलांचा दहीभात जातो.